वापरातलं सोनं

गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५च्या रमजानमधली गोष्ट. तेविसावा रोजा होता. जोहरची नमाज झाली आणि जकातीसाठी, म्हणजे दरवर्षी आपल्या मालातून गरिबांना द्यायच्या हिश्शासाठी, सोनं मोजायला मी ओट्यावर जुना मलमलचा दुपट्टा चौघडी घालून अंथरला. त्यावर लेकीचा केकचं पीठ मोजायचा काटा ठेवला आणि सकाळी बँकेच्या लॉकरमधून आणलेला डबा उघडला. मार्चचा शेवटचा आठवडा, चिपळूणचा उकाडा आणि त्यात मी पंखा बंद केलेला. लेक समोर स्टुलावर वही घेऊन बसली होती. मी एकेक दागिना काट्यावर ठेवायचे, आकडा स्थिर झाला की मोठ्याने वाचायचे, ती लिहायची. बोरमाळ २८.४. चार बांगड्या मिळून ४१.२. भिशीच्या पैशांतून केलेला हार २६.५. कपाळावरचा घाम काट्यावर पडू नये म्हणून मी मध्येमध्ये पदराने तोंड पुसत होते. डब्यात तळाशी लाल मखमलीचा बटवा तेवढा उरला. लेकीने पेन तसंच धरून विचारलं, "पुढे?" मी म्हटलं, "झालं." तिने एकदा बटव्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पेनाला टोपण लावलं. काही बोलली नाही. बटव्यात पाटल्या आहेत हे तिला माहीत होतं. सकाळी लॉकरच्या खोलीत तिनेच तो बटवा हातात घेऊन, "केवढ्या जड आहेत ना," असं म्हटलं होतं.

संध्याकाळी इफ्तारीला बसलो. अजानच्या आधीची दोन-तीन मिनिटं मला सगळ्या दिवसात जास्त प्रिय असतात. ताटलीत खजूर, कलिंगडाच्या फोडी, गरम भजी, कोकम सरबताचा पेला. सगळं समोर असतं आणि कोणी हात लावत नाही. त्या वेळी मागितलेली दुआ फिरून येत नाही असं अम्मी सांगायची. मी हात पसरले, आणि मागायला काही सुचेना. टोपण लावल्याचा तो टक् आवाज तेवढा कानात राहिला होता.

त्या वापरातल्या आहेत, असं मी मनात म्हटलं.

हे वाक्य माझ्या सासरचं. माझं माहेर मिरजेचं, आम्ही हनफी. सासर कोकणातलं, म्हणून शाफई. दोन्ही मजहब, म्हणजे इस्लामी कायद्याच्या परंपरा. नमाजेत हात कुठे बांधायचे इथपासून थोडा थोडा फरक आहे, आणि लग्नानंतर वर्षभरात त्याची सवय होऊन जाते. सोन्याच्या बाबतीत मात्र फरक मोठा आहे. हनफींमध्ये सोनं ते सोनं, अंगावर असो की पेटीत. निसाबाएवढं, म्हणजे जकात लागू होण्याइतकं, भरलं आणि त्याला वर्ष झालं की चाळिसावा हिस्सा द्यायचा. शाफईंमध्ये बाईच्या रोजच्या, रिवाजातल्या, घालायच्या दागिन्यांवर जकात नाही. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच रमजानमध्ये मी माझी बोरमाळ मोजायला काढली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "वापरातल्यावर आमच्यात जकात नाय." मी अम्मीला फोन केला. ती म्हणाली, तू माझ्याकडून नेलंस त्याची तू देत जा, बाकीचं तुझ्या घरच्यांना विचार. तेव्हापासून मी तसंच करत आले. अम्मीने घातलेल्या आणि मी स्वतःच्या पगारातून केलेल्या सोन्याची जकात द्यायची, आणि यांनी कुवेतहून आणलेल्या पाटल्या मोजायच्या नाहीत. एकाच डब्यातलं माझं सोनं दोन मजहबांचं होतं. पंचवीसएक वर्षं मला त्यात काही खटकलं नाही.

पंखा बंद करायची सवयही अम्मीचीच. आमच्या लहानपणी घरात काटा कुठला असायला. रमजान निम्मा सरला की अम्मी बुरख्याच्या आत छातीशी पुडी धरून सराफाकडे जायची, आणि सोबत मी. तिला आत येताना बघितलं की ते काका हातातलं काम बाजूला ठेवायचे, "भाभी, जकातीचं वजन ना?" म्हणून विचारायचे आणि आधी उठून पंखा बंद करायचे. त्यांचा पितळी तराजू इतका हलका होता की पंख्याच्या वाऱ्यानेही पारडं झुलायचं. दुकानात एकदम शांतता पसरायची. ते चिमट्याने बारीक वजनं ठेवायचे, पारड्याकडे वाकून बघायचे आणि कागदाच्या चिठ्ठीवर आकडा लिहून द्यायचे. या कामाचे त्यांनी कधी पैसे घेतले नाहीत. घरी आल्यावर अम्मी तो आकडा वहीत उतरवायची. ती मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, म्हणून वही मराठीत: 'झुमके, बुगडी, बोरमाळ, बांगड्या'. आणि एक ओळ दरवर्षी असायची, 'लच्छा, काळे मणी वगळून.' लच्छा म्हणजे सोनं आणि काळे मणी ओवलेला गळ्यातला दागिना. साडेसात तोळ्यांचा निसाब हा जुन्या तोळ्याचा, म्हणजे ८७.४८ ग्रॅम. आता सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, त्यामुळे आजच्या हिशेबाने तो पावणेनऊ तोळे होतो. हे मला कुठल्या मदरशात कळलं नाही, त्या काकांच्या दुकानातच कळलं.

वजन झालं की खरा प्रश्न सुरू व्हायचा. आमच्या घरी सोनं होतं, पैसा नव्हता. अब्बांना महिन्याला आठशेच्या आसपास मिळायचे. अम्मीचं सोनं नऊ तोळे, तिच्या आईकडून आलेलं. १९८५च्या सुमाराला तोळा दोन हजारांच्या थोडा वर होता. म्हणजे जकात पावणेपाचशेच्या घरात. सोनं बाईच्या नावाचं असतं आणि त्याची जबाबदारीही बाईचीच. नवऱ्याने हौसेने भरली तर भरली, पण फर्ज तिच्यावर. अम्मी अब्बांकडे कधी मागायची नाही. ती वर्षभर साड्यांना फॉल लावायची. एका फॉलचे जे काही मिळायचे त्यातले काही चाराणे-आठाणे चहाच्या डब्यात वेगळे जायचे. तो डबा कोणत्याही अडचणीला उघडायचा नाही अशी घरात शिस्त होती. एकदा माझी चप्पल तुटली आणि ईदपर्यंत मी ती दोऱ्याने बांधून शाळेत गेले. डब्यात पैसे होते. मी त्या डब्याकडे किती रागाने बघायचे ते मला आठवतं. "सोना बेच के चप्पल ले ना," असं मी म्हटलं होतं. अम्मीने मला जवळ घेतलं नाही की रागावली नाही, सुईत दोरा ओवत म्हणाली, "सोना बेच्या तो जकात किसपर देतीव मय?" त्या वयात मला ते उत्तर उलटंसुलटं वाटलं होतं. देता यावं म्हणून आधी जवळ असावं लागतं, हा तिचा अभिमान होता. आमच्या गल्लीत जकात घेणारी घरं पुष्कळ होती, देणारी थोडी. सोनं हे तिचं देणाऱ्यांच्या रांगेतलं स्थान होतं. तिला त्याची हौस होती का? होतीच. ईदच्या सकाळी झुमके घातल्यावर ती आरशात थोडा जास्त वेळ बघायची. पण ती हौस पावणेपाचशे रुपये भरून घेतलेली असायची.

चटईवर बसून कुराणाचा सिपारा शिकताना उस्तादनी आम्हाला सूरे तौबामधली ती आयत सांगायच्या. सोनंचांदी साठवून ठेवतात आणि अल्लाच्या वाटेत खर्च करत नाहीत, त्यांचं तेच सोनं दोजखच्या आगीत तापवून त्यांच्या कपाळावर, कुशीवर, पाठीवर डाग दिले जातील. आम्ही मुली आपापल्या कपाळावर हात ठेवून बघायचो. आणि एक हदीस, म्हणजे पैगंबरांची सांगितली जाणारी गोष्ट, होती. एक बाई आपल्या मुलीला घेऊन रसूलुल्लाहंकडे आली. मुलीच्या हातात सोन्याची दोन जाड कडी होती. त्यांनी विचारलं, याची जकात देतेस का? ती म्हणाली, नाही. ते म्हणाले, याच्या बदल्यात कयामतला आगीची दोन कडी घातली तर तुला चालेल का? तिने तिथल्या तिथे ती उतरवून पुढे ठेवली. हनफी या हदीसचा आधार देतात. सासूबाईंनी मला दुसरी बाजू सांगितली. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांनी आपल्या भावाच्या अनाथ मुली सांभाळल्या, त्यांच्या अंगावर दागिने असायचे, आणि आयशा त्यांची जकात काढत नसत. इमाम मालिकांच्या मुवत्ता या हदीसच्या ग्रंथामध्ये ते आलेलं आहे. दोन्ही बाजूंना मोठे आलिम आहेत, शेकडो वर्षांची चर्चा आहे, आणि माझ्यासारखीने त्यात तोंड घालू नये. पण दोन्ही गोष्टींत एक बाई आहे, तिने सांभाळलेल्या मुली आहेत आणि त्या मुलींच्या अंगावर सोनं आहे. इतक्या वर्षांत मी त्या हदीसमधल्या आईच्या जागी स्वतःला उभं करून बघितलं होतं. मुलीच्या जागी उभी राहून वर आईच्या चेहऱ्याकडे कधी बघितलं नव्हतं. तेविसाव्या रोजाला लेकीने माझ्याकडे बघितलं तेव्हा ते पहिल्यांदा मनात आलं.

सासूबाईंवर मी अन्याय करणार नाही. 'वापरातल्यावर नाय' हे त्या कंजूषपणातून म्हणायच्या नाहीत. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं तेव्हा माझे मोठे दीर तिथे होते. कोकणातल्या आमच्या गावांत घरटी एक माणूस आखातात. त्या ऑगस्टमध्ये घराघरांत रेडिओ चालू आणि चुली बंद अशी अवस्था होती. सरकारने अम्मानमार्गे विमानं पाठवून पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना परत आणलं, त्यात माझे दीरही आले, अंगावरच्या शर्टानिशी. तिथली बँकेतली शिल्लक, पगार, सामान सगळं तिकडे. त्या वर्षी सासूबाईंनी हातातल्या सहा बांगड्या एकेक करून विकल्या आणि चौदा माणसांचं घर चालवलं. त्यांच्या तोंडून मी हे अनेकदा ऐकलं, आणि प्रत्येक वेळी त्या मनगटावरून हात फिरवायच्या. बँक, दीनार, मुलगा, सरकार, सगळं एका रात्रीत हाताबाहेर गेलं तेव्हा हातातलं तेवढं हातात राहिलं. ज्या बाईच्या नावावर सातबारा नाही, घरपट्टी नाही, तिचं तेवढंच एक असतं. अशा बाईला कोणी 'दुनियेची हाव' म्हटलं की मला आवडत नाही. मशिदीतल्या बयानात बायकांच्या दागिन्यांच्या शौकावर बोललं जातं, तेव्हा मला सासूबाईंचं ते रिकामं मनगट दिसतं.

पण माझ्या पाटल्यांची गोष्ट तशी नाही, हेही मला लिहायला हवं. १९९९ मध्ये हे कुवेतहून सुट्टीवर आले आणि बॅगेतल्या सुताच्या मोज्यातून त्यांनी तो लाल बटवा काढला. चार वर्षांचा ओव्हरटाइम त्यात होता. मला हवं होतं म्हणून आणल्या होत्या. मी पत्रात तीन वेळा लिहिलं होतं. शाळेतल्या एका बाईंच्या हातात मी तशा पाटल्या बघितल्या होत्या आणि रात्र रात्र मला त्या दिसायच्या. घातल्या तेव्हा हाताला इतका छान भार आला की मी दोन दिवस भाकऱ्या थापतानाही उतरवल्या नाहीत. तांदळाचं पीठ नक्षीत जाऊन बसलं, ते मी नंतर जुन्या ब्रशने काढलं. आणि नमाज. सजद्यात जाताना हात जमिनीवर टेकले की पाटल्यांचा फरशीवर एक ठोका पडायचा. कपाळ टेकण्याच्या आधी तो आवाज. मला तो आवडायचा. ज्या क्षणी माणूस सगळ्यात लहान असायला हवा, त्या क्षणी मी माझ्या हातातल्या सोन्याचा आवाज ऐकत होते. एक-दोनदा मनाला लागलं, पाटल्या काढून ठेवून नमाज पढले. मग डोकं सारखं बाहेरच्या खोलीत, टेबलावरच्या पाटल्यांत. शेवटी घालूनच पढायला लागले. अल्लाला हे सगळं दिसतच होतं, त्याच्यापासून काय लपवायचं. लपवलं ते माणसांपासून.

दीन, म्हणजे धर्म, कुठे संपतो आणि रिवाज कुठे सुरू होतो, हे आमच्या घरात बायकांना आपापलं ठरवावं लागलं. अम्मीचा मेहर, म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, एकशे सत्तावीस रुपये आठ आणे. तो फर्ज. त्याच्या कित्येक पटींनी जहेज, म्हणजे हुंडा. तो रिवाज, दीनात त्याला जागा नाही, आणि तोच कोणी चुकवत नाही. नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीत दर गुरुवारी बायकांची तालीम, म्हणजे दीनाची शिकवणी, सुरू झाली. एका गुरुवारी कुणीतरी अम्मीच्या गळ्यातल्या लच्छ्याकडे बोट दाखवून म्हणालं की हे काळे मणी गैरांचे, म्हणजे मुसलमान नसलेल्यांचे, आहेत. मिरजेत तिच्या आईने, आजीने घातलेला लच्छा. नवरा असलेल्या बाईच्या गळ्यात तो असायचाच. अम्मी घरी येऊन बराच वेळ पलंगावर बसली. मग तिने तो काढला आणि पावडरच्या डब्यात ठेवला. तिच्या गळ्यावर मण्यांची फिकट रेघ कितीतरी महिने होती. मला तेव्हा त्या तालमीचा फार राग आला. पण २००६ मध्ये अब्बा गेले, आणि गल्लीतल्या बायका रिवाजाप्रमाणे अम्मीच्या बांगड्या फोडायला पुढे आल्या, तेव्हा अम्मीने दोन्ही हात पदराखाली घेतले. तालमीतच ती शिकली होती की दीनात बांगड्या फोडणं नाही. इद्दतचे, म्हणजे नवरा गेल्यानंतरचे, चार महिने दहा दिवस साजशृंगार नाही, एवढंच आहे. तिने स्वतःच्या हाताने बांगड्या उतरवून कपाटात ठेवल्या, आणि इद्दत संपल्यावर पुन्हा घातल्या. हिरव्या. एका जुन्या शेजारणीने काहीबाही म्हटलं, तर अम्मी म्हणाली, "अल्लाने चार महिने दस दिन बोल्या. आगे का तुम कायकू बोलतेव?" ज्या दीनाचं नाव घेऊन तिचा लच्छा उतरला, त्याच दीनाच्या आधारावर तिच्या हातात बांगड्या राहिल्या. मी आजही एकाला चांगलं आणि दुसऱ्याला वाईट म्हणू शकत नाही. अम्मी गेल्यावर तिच्या कपाटात वही मिळाली. लच्छा डब्यात गेल्यानंतरच्या प्रत्येक वर्षीसुद्धा ती ओळ होती: 'लच्छा, काळे मणी वगळून.' गळ्यात नव्हता, पण हिशेबात होता.

आता पुराबद्दल. २०२१ची बकरी ईद २१ जुलैला होती. त्या दिवशी मी पाटल्या घातल्या होत्या. संध्याकाळी कुर्बानीचे तीन हिस्से करून वाटणं झालं, उरलेलं फ्रीजमध्ये ठेवलं, पाटल्या उतरवून बाकीच्या दागिन्यांबरोबर उशाशी ठेवल्या आणि दमून झोपले. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. पहाटे यांनी हलवून उठवलं तेव्हा दिवाणखान्यात घोट्याएवढं पाणी होतं. वाशिष्ठीचं पाणी आम्हाला नवीन नाही, पण ते चढत होतं तसं कधी बघितलं नव्हतं. चप्पल तरंगत दारापाशी आली, मग पायपुसणं, मग फ्रीज एका बाजूने उचलल्यासारखा हलला. वरच्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यातून ओरडत होत्या, वर या, वर या. मी उशाखाली हात घातला, बटवा आणि डबा ओढून घेतला, ओढणीत गुंडाळून कमरेला गच्च बांधला आणि लेकीला घेऊन जिना चढले. सहाव्या-सातव्या पायरीवर मला आठवलं.

कुराण खाली राहिलं होतं.

हे मागे वळले. पाणी त्यांच्या मांडीपर्यंत आलं होतं. कुराण कपाटाच्या वर होतं, माझ्या लग्नात अम्मीने दिलेलं, हिरव्या जुझदानात, म्हणजे कापडी वेष्टणात. कोरडं होतं. त्यांनी ते डोक्यावर धरून आणलं. वहिनींनी हात पुसले, कपाटावर धुतलेला टॉवेल अंथरला आणि तिथे ते ठेवायला सांगितलं. दुपारपर्यंत आमचा तळमजला सगळा पाण्याखाली गेला. वरच्या खिडकीतून गढूळ पाण्यात फिरणारी सिलिंडरं बघत आम्ही बसलो होतो, आणि ओढणीची गाठ माझ्या पोटाला रुतत होती. ती सोडायची मला लाज वाटत होती. कोणी मला काही विचारलं नाही. आधी जीव, मग सोनं, असंच कोणीही करेल, असं नंतर हेसुद्धा म्हणाले. मी ही गोष्ट आजवर कुठे लिहिली नव्हती. त्या पहाटे माझा हात कशाकडे गेला, ते मी ठरवलेलं नव्हतं. हात आपला आपण गेला. अठ्ठावीस वर्षं शिक्षिका म्हणून मुलांना निबंधात 'माझा आवडता ग्रंथ' शिकवणारी मी, आणि माझ्या हाताला मात्र बटव्याची वाट माहीत होती.

पाणी ओसरल्यावर महिनाभर चिखल उपसला. पहिलं काम जे केलं ते लॉकर घेण्याचं. तेव्हापासून पाटल्या तिथे. चार वर्षांत त्या एकदाही अंगावर चढल्या नाहीत. लग्नं झाली, ईदा झाल्या. दर वेळी वाटायचं, कशाला काढायच्या, पुन्हा काही झालं तर? मग लेकीच्या स्थळांचं बोलणं सुरू झालं. पोरगी एमएस्सी झालेली, नोकरीला लागलेली, आणि तरी किती तोळे घालणार हा प्रश्न पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीत येतोच; आडून येतो, पण येतो. लेक म्हणते मला काही नको. मी मनात म्हणते, पाटल्या आहेत. म्हणजे त्या आता ना माझ्या हातातल्या, ना देऊन टाकलेल्या. त्या भीतीसाठी आहेत आणि रिवाजासाठी आहेत. आणि दर रमजानला मात्र त्या 'वापरातल्या'.

पंचविसाव्या रोजाला मी यांना सांगून आमच्या मशिदीतल्या मौलानांना फोन लावला. पुस्तकातलं मला माहीत होतं. कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. मी सगळं नीट सांगितलं, शाफई घरातली आहे, पाटल्या वापरायच्या आहेत वगैरे. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी एवढंच विचारलं, "पहनने की नीयत है, आपा, या रखने की?" ते म्हणाले की घालायच्या नीयतीने ठेवल्या असतील तर शाफईंच्या मते सूट आहे, साठवायच्या नीयतीने ठेवल्या असतील तर ती सूट उरत नाही, मग त्याही मोजायच्या. "नीयत तो आप ही बताएंगी." मी म्हटलं, घालायची आहे. फोन ठेवला, आणि इतक्या वेळ हातात धरलेली तस्बीह, जपाची माळ, खाली ठेवली. रोजात खोटं बोलायचं नसतं हे मी लहान मुलांना शिकवते. पण मी खोटं बोलले होते की नाही, हेच मला कळत नव्हतं. घालायची इच्छा होतीच की. खरंच होती.

दुसऱ्या दिवशी असरनंतर घरात कोणी नसताना मी बटवा उघडला. मखमलीला लॉकरचा, लोखंडाचा थंड वास लागला होता. एक पाटली घेतली, बोटं मिटून आवळली आणि सरकवली. अंगठ्याच्या मुळाशी येऊन ती थांबली. जोर दिला. हाड दुखलं. मी मोरीत जाऊन हाताला साबण लावला, डोळे मिटून पुन्हा ढकलली. डावा नाही, उजवाही नाही. चोपन्न वर्षांचे हात, सांधे जाड झालेले, तर्जनीचं पेर थोडं वाकलेलं. खडू धरून धरून की भाकऱ्या थापून, कुणास ठाऊक. फेसाने निसरडी झालेली पाटली हातातून निसटली आणि मोरीच्या फरशीवर पडली. तोच आवाज आला, सजद्यातला. मी खाली बसले. नळ चालू होता. पाटली धुतली, नक्षीतला फेस बोटाने काढला, तर एका वेलबुट्टीच्या आत पिठाचा जुना, पिवळा झालेला कण अजून अडकलेला होता.

कधी मगरिब जवळ आली कळलं नाही. लेक कामावरून आली, दप्तर ठेवलं, आणि मला ओट्यापाशी बघून न बोलता पंखा बंद केला. मी पदराने दोन्ही पाटल्या कोरड्या केल्या आणि काट्यावर ठेवल्या. आकडा वरखाली झाला आणि ठरला. ४०.६. तिने वही उघडली, तेविसाव्या रोजाची ती यादी काढली, खाली रेघ न मारलेली जागा तशीच होती. 'पाटल्या,' तिने लिहिलं. मोबाइलवर बावीस कॅरेटचा भाव बघितला, ८२ हजारांच्या पुढे होता. हिशेब केला आणि म्हणाली, "आठ हजार तीनशेच्या आसपास." मी मान हलवली. माझ्या मनात होतं की या वर्षी शाळेच्या थकबाकीतून ते सहज निघतील.

तिने पेन खाली ठेवलं नव्हतं.

"मम्मी," ती म्हणाली, "लॉकरमध्ये एकवीसला ठेवल्यास ना? मग बावीस, तेवीस, चोवीस?"

खालच्या मशिदीत माइक खरखरला. मी खजुराची ताटली तिच्याकडे सरकवली आणि वहीचं पान उलटलं.